तीन मवाळ चुंबक

गिटार दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. पण इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालचा पिकअप उघडून त्यात डोकं घालणारा माणूस विरळा. तारवाले त्यांतले. त्यांचं खरं नाव दुकानाच्या दाराशी खाली टेकवलेल्या पाटीवर होतं, पण पाटीच्या पुढ्यात कायम कुणाची तरी सायकल उभी असायची, त्यामुळे ते कुणी वाचलं नाही. केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळत बसणाऱ्या माणसाला लोक तारवाले म्हणू लागले, आणि त्यांनीही ते निमूट मान्य केलं.

पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक दार. दुकानात भिंतीला लागून लांबलचक टेबल, त्यावर तारेची रिळं, डाग द्यायची कलई आणि एक वाकडा खिळा. हा खिळा म्हणजे तारवाल्यांचं सगळ्यात विश्वासू हत्यार. कुठलाही पिकअप हातात आला की ते आधी त्याच्या चुंबकांवर खिळा टेकवून बघत, तो किती घट्ट धरला जातो, किती पटकन सुटतो. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस आपली चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. विषय निघायचा अवकाश, तारवाल्यांना चेव चढायचा.

"हे बघा, तारांखाली सहा बुटके खांब दिसतात ना? सहा तारा, सहा चुंबक. त्यांच्याभोवती माझी ही गुंडाळलेली तार, म्हणजे कॉइल. वर तुम्ही तार छेडली की चुंबकाचा अंमल डचमळतो, आणि त्या डचमळण्याने कॉइलमध्ये वीज जागी होते. तीच पुढे जाऊन स्पीकरमधून बोलते. लाकडामुळे आवाज येतो असं कुणी सांगितलं, तर हसा आणि सोडून द्या." (लाकडाचं काम करणारे त्यांच्यावर डूख धरून होते, ते उगाच नाही.)

"मग चुंबक जोरदार हवा," गिऱ्हाईक म्हणायचं.

"सगळे हेच म्हणतात. जोरदार चुंबकाने आवाज मोठा होतो, टोकदार होतो, हे खरं. पण तो तारेला आपल्याकडे ओढत राहतो, मोकळी हलू देत नाही. सूर लवकर मरतो. स्वस्तातल्या पिकअपला असते ती काळी चुंबकाची पट्टी खाली बसवली तर विचारूच नका, नुसता आरडाओरडा. जुना, दमलेला चुंबक हळू बोलतो, पण तारेला मनासारखं नाचू देतो. घरातल्या कर्त्या माणसासारखं आहे. त्याने फार जोर केला की बाकीचे गप्प बसतात."

एवढं ऐकूनही गिऱ्हाईक जोरदारच मागायचं. म्हणून टेबलाच्या कडेला एक लाकडी ठोकळा होता. त्यात दोन दांडगे चुंबक समोरासमोर बसवलेले, मध्ये बोटभर फट. पिकअप त्या फटीतून एकदा सरकवून बाहेर काढला की वर्षानुवर्षं मंदावलेले खांब पुन्हा काठोकाठ भरायचे. तारवाले याला 'चुंबक भरणं' म्हणत. शिंपी काम संपलं की जसा दोरा तोडतो, तसं प्रत्येक कामाच्या शेवटी हे व्हायचं. हात आपणहून वळायचा, डोक्याला विचारायलाही जायचा नाही.

त्या फटीतून न जाता दुकानाबाहेर पडलेली गिटार एकच. तिची हकीकत सांगितली पाहिजे.

तेव्हा ते तारवाले नव्हते, नुसता तारवाला होता. बारीक मिशी, हडकुळे खांदे आणि अखंड चालणारी जीभ. एका दुपारी एक मुलगी लाल रंगाची जुनी गिटार घेऊन आली. कोपर टेकून टेकून एका जागी रंग उडाला होता.

"हिचा आवाज गेलाय. कॉइल तुटली असणार. तेवढी बांधून दे. चुंबकांना हात लावायचा नाही."

पहिल्याच वाक्यात 'तू'. तारवाल्याला ते जरा लागलं, आणि थोड्या वेळाने आवडलं. त्याने सवयीने खिळा टेकवला. बारीक तारांखालच्या तीन चुंबकांनी खिळा चटकन धरला. जाड तारांखालच्या तिघांनी मात्र तो नाइलाजाने धरल्यासारखा केला आणि सोडून दिला.

"हे तीन मेल्यात जमा आहेत," तो म्हणाला.

"मेले नाहीत, मवाळ आहेत. मी बारीक तारांवर गाणं वाजवते आणि जाड तारा मागे नुसत्या 'हं, हं' करत ऐकतात. मला तसंच हवंय. आधीचा दुकानदार म्हणाला, सुधारून देतो. मी गिटार उचलली आणि चालू लागले."

"पण असं झालं कसं?"

तेव्हा कळलं, की तिची खोली चिमुकली, गिटार ठेवायला जागा नाही. म्हणून वाजवून झालं की ती गिटार कोपऱ्यात, स्पीकरच्या उघड्या पाठीला टेकवून ठेवायची, तोंड आत करून, म्हणजे येताजाता तारांना कुणाचा धक्का लागू नये. स्पीकरच्या पाठीवर हा मोठा चुंबक. जाड तारांची बाजू त्याला लागून. रोज थोडं थोडं करून त्याने या तिघांचा जोर शोषून घेतला होता. तारवाला पोट धरून हसला. ती हसली नाही, म्हणून तो गप्प झाला.

कॉइल नव्याने गुंडाळताना त्याचे हात नुसते शिवशिवत होते. शेजारीच तो ठोकळा. एकदा सरकवलं की तिन्ही चुंबक ठणठणीत झाले असते. त्याने चक्क ठोकळा उचलून टेबलाखाली ठेवला. ती आली, तिथेच स्टुलावर बसून तिने वाजवलं. बारीक तार गायली, आणि मागून जाड तारेने खालच्या आवाजात 'हं' केलं. मुलीने डोळे मिटले.

"तुला कळलं," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, तेव्हा तिच्या गिटारचं काहीही बिघडलेलं नव्हतं. मग पुढचं सगळं रीतसर झालं, लग्न झालं, दुकानामागच्या घरात लाल गिटार आली आणि तिच्यासोबत तो स्पीकरही. ती शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी वाजवायची. मंचावर कधी गेली नाही. वाजवून झालं की गिटार पुन्हा कोपऱ्यात, तोंड आत.

"अगं, साऱ्या शहराचे चुंबक भरून देणारा मी, आणि माझ्याच घरात गिटार स्पीकरच्या पाठीला! लोकांनी पाहिलं तर मी तोंड कुठे लपवू?"

"लोकांना घरात घेऊ नकोस," ती म्हणायची.

हे भांडण त्यांनी आयुष्यभर पुरवून पुरवून वापरलं. लेक त्याच आवाजात झोपायची. ती मोठी झाली, नोकरीला लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, तरी घरी आली की पहिल्यांदा कोपऱ्यात बघायची.

मग तारवाल्यांच्या बायकोला विसरण्याचा आजार झाला. आधी एखाददुसरा शब्द जायचा, तो ते दोघं मिळून शोधायचे आणि हसायचे. मग शाळेचा रस्ता गेला. लेकीचं नाव गेलं. आणि एका सकाळी चहा पिताना तिने नवऱ्याकडे पाहून अदबीने विचारलं, "काका, तुम्ही कुणाकडे आलात?"

तिच्या मनाने ती पुन्हा स्टुलावर बसणारी मुलगी झाली होती. पांढऱ्या मिशीचा हा म्हातारा काकाच असणार, दुसरा कोण? तारवाल्यांनी सुरुवातीला समजावलं, "अगं, मी. तुझा नवरा." ती इतकी घाबरली की दारामागे जाऊन रडत बसली, हात लावू देईना. पुन्हा एकदा सांगून पाहिलं, तेव्हाही तेच. मग त्यांनी हात टेकले आणि काका झाले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोचा काका. काय वाटत होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुकानात बडबड तेवढी कमी झाली, आणि गिऱ्हाइकांना वाटलं, वय झालं.

एक गोष्ट मात्र तिच्या बोटांनी धरून ठेवली होती. संध्याकाळ झाली की ती स्वतः उठायची, कोपऱ्यातून गिटार काढायची, वायर जोडायची आणि वाजवायची. एक सूर चुकायचा नाही. आणि वाजवून झालं, गिटार टेकवली, की थोडा वेळ तिचा चेहरा निवळायचा. ती मागे वळून तारवाल्यांकडे बघायची आणि म्हणायची,

"तू जेवलास का रे?"

"नाही. तुझीच वाट बघतोय."

"मग चल की."

बस, एवढंच. ताटं वाढेपर्यंत ते विरून जायचं, "काका, जरा मीठ द्या," असं सुरू व्हायचं. पण त्या एका 'तू'साठी तारवाले सकाळी उठत होते, आंघोळ करत होते, दुकान उघडत होते. दिवसभर काका म्हणून घ्यायला त्यांची हरकत नव्हती, संध्याकाळी तेवढं मिळत होतं तोवर.

अशाच एका संध्याकाळी तिने तार छेडली आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही. तिने वायर काढून पुन्हा घातली. पुन्हा छेडली. मग ती इतकी कासावीस झाली की तारवाल्यांना तिला धरून बसावं लागलं. "घरी जायचंय," ती म्हणत राहिली. "मला घरी सोडा, काका." घरातच बसून.

सकाळी त्यांनी गिटार दुकानात नेली. ती मधल्या दारात उभी. "झालं का, काका?" दर थोड्या वेळाने तेच. तारवाल्यांनी पिकअप उघडला. भीती होती, की कॉइल आतून कुठेतरी तुटली असेल, म्हणजे सगळी नव्याने गुंडाळणं आलं. पण नाही. वर्षानुवर्षांच्या घामाने तारेचं बाहेरचं टोक तेवढं कुजलं होतं. चार वेढे सोडवले, ताजी तार मोकळी केली, डाग दिला. जीव भांड्यात पडला. त्यांना संध्याकाळ डोळ्यांसमोर दिसायला लागली. आज ती वाजवेल, वळेल, विचारेल. आपण काय उत्तर द्यायचं याची ते मनात उजळणी करत होते, रोजचंच उत्तर, तरी करत होते. "झालं का, काका?" दारातून आलं. "झालं, झालं!" ते आनंदाने म्हणाले.

आणि काम झालं होतं म्हणून हाताने काम संपल्यावर करायचं ते केलं. पिकअप ठोकळ्याच्या फटीत एका बाजूने घातला, दुसऱ्या बाजूने काढला.

तारवाल्यांचं लक्षही नव्हतं. आयुष्यात एकाच गिटारला जे करायचं नव्हतं, ते हातून होऊन गेलं. राग तरी कुणावर काढायचा? पहिल्या वेळी त्या मुलाला स्वतःच्या हाताची भीती होती, म्हणून त्याने ठोकळा टेबलाखाली ठेवला होता. या म्हाताऱ्याला स्वतःच्या हातावर भरवसा होता.

संध्याकाळी ती वाजवायला बसली. बारीक तार गायली, ती हसली. मग जाड तार छेडली. ती मागून 'हं' म्हणाली नाही. ती पुढे येऊन खणखणीत बोलली, बारीक तारेच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखी. बायकोचा हात थांबला. तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, पुन्हा छेडलं. आवाजाचं बटण खाली केलं, पुन्हा छेडलं. आवाज लहान झाला, पण त्याचा धीटपणा तसाच राहिला. तिने गिटार अंगापासून दूर, जमिनीवर ठेवली आणि हात साडीला पुसले.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

तारवाल्यांनी मधल्या दारातून टेबलाकडे पाहिलं. ठोकळा टेबलावर होता.

त्या संध्याकाळी 'तू' आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती जेवेना, खिडकीशी उभी राहून घरी कधी सोडता म्हणून विचारत राहिली. लेक धावत आली. तिने गिटार वाजवून पाहिली.

"बाबा, मला तर तसाच वाटतोय आवाज."

"तुला वाटून काय उपयोग? तिला वाटायला हवा."

"मग चुंबक परत कमी करता येत नाहीत का?"

"येतात ना. उलटा चुंबक जवळ धरला की उतरतो जोर. पण किती उतरवू? एकाचा जास्त गेला होता, एकाचा कमी, मधल्याचा कसातरीच. रोज संध्याकाळी तिने ठेवली तशी ठेवली जाऊन ते तसे झाले होते. ते मी मोजलं नाही गं कधी. घरातच होतं ना, मोजतंय कोण?" मग म्हणाले, "तुझ्या आईच्या सगळ्या संध्याकाळी होत्या त्यात. मी पुसून टाकल्या."

लेकीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तारवाले कामाला लागले. छोटा चुंबक उलटा धरून एकेका खांबाजवळ न्यायचा, खिळा टेकवून बघायचं, वाजवून बघायचं, मग तिच्यासमोर ठेवायची. ती एकदा छेडून मान हलवायची. "नाही." पुन्हा दुकानात. "नाही." शेवटी तिलाच त्यांची कीव आली.

"काका, तुम्ही उगाच त्रास करून घेताय. हे इथे कुणाला जमायचं नाही. तारवाल्याकडे न्या."

तारवाले तिच्याकडे बघत राहिले. "कोण तारवाला?"

"आहे एक. बारीक मिशीचा. बडबड फार करतो, पण त्याला कळतं. त्याने माझ्या चुंबकांना हातसुद्धा लावला नव्हता. त्याला म्हणावं, मी पाठवलंय."

"नेतो," ते म्हणाले.

ती खिडकीतून बघत होती, म्हणून त्यांनी चपला घातल्या, गिटार खांद्याला लावली, मागच्या दाराने बाहेर पडले, गल्लीला वळसा घातला आणि स्वतःच्याच दुकानात पुढच्या दाराने शिरले. शेजारच्या सायकलवाल्याने विचारलं, "काय हो, रस्ता चुकलात का?" त्यांनी नुसता हात केला. मधलं दार लावून घेतलं. ठोकळा उचलून टेबलाखाली ठेवला, आता काही उपयोग नव्हता तरी. आणि त्या बारीक मिशीच्या पोराला आठवत बसले. त्या दिवशी खिळा कसा सुटला होता? आधी कुठल्या चुंबकावरून? मधल्याने तो जरा जास्त वेळ धरला होता का? पोराला तेव्हा मुलगी दिसत होती, खिळा कुठला दिसतोय.

कित्येक दिवस ते असे वळसा घालून जात राहिले. लेक आईजवळ बसायची. शेवटी एका दुपारी जाड तार छेडली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. जवळ आलं होतं. अगदी तेच की नाही, हे सांगायला कान हवा होता तो तिचा, पण जवळ आलं होतं. ते गल्लीला वळसा घालून घरी आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"दिली त्याने," ते म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. "काय म्हणाला?"

"म्हणाला, चुंबकांना हात लावलेला नाही."

"बघा! म्हटलं नव्हतं मी?" तिने गिटार मांडीवर घेतली. बारीक तार गायली. जाड तार छेडून ती ऐकत राहिली, सूर पूर्ण विरेपर्यंत. लेक स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी होती. तारवाल्यांचे ओठ हलत होते, रोजचं उत्तर तयार होतं.

तिने तळवा तारांवर ठेवला.

"हे त्याने केलेलं नाही."

"अगं, त्यानेच..."

"नाही. त्याच्या हातून असं काम बाहेर पडलंच नसतं." तिने मान वर करून त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "काका, खरं सांगा. तो आहे ना तिथे?"

मी आहे, इथेच आहे, तुझ्यासमोर आहे, हे तारवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दारामागे बसून रडणारी ती त्यांनी दोनदा पाहिली होती. तिसऱ्यांदा बघायची हिंमत नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "आता नाहीये तो तिथे."

"गेला?"

"हो."

ती रडली. घाबरून रडायची तशी नाही. आपलं माणूस गेल्यावर रडतात, तशी. खांदे हलत होते आणि ती पदराने डोळे पुसत होती, पुन्हा भरत होते. तारवाले तिच्या शेजारी बसले. आपल्या बायकोने आपल्याला ओळखावं, आपली आठवण काढावी, म्हणून हा माणूस इतके दिवस झुरत होता. आता ती त्याच्यासाठी ऊर फुटेस्तोवर रडत होती, आणि त्याला तिचं सांत्वन करायचं होतं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने ठेवू दिला.

"तुमची ओळख होती त्याच्याशी?" तिने विचारलं.

"थोडीफार."

"चांगला होता ना?"

"बरा होता. हाताची घाई होती जरा."

"काहीतरीच! फार जपून काम करायचा." ती नाक ओढत म्हणाली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मला त्याला एक सांगायचं होतं. राहूनच गेलं."

"काय सांगायचं होतं?"

चौकशा करणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे तरुण मुली बघतात, तसं तिने त्यांच्याकडे पाहिलं. रडता रडता जरा हसूही आलं तिला.

"ते तुम्हाला कसं सांगू, काका? ते त्याचं आहे."

तारवाल्यांनी तिच्या मांडीवरून गिटार उचलली. कोपऱ्यात नेऊन स्पीकरच्या उघड्या पाठीला टेकवली, तोंड आत करून, जाड तारांची बाजू चुंबकाला लागून.

"बरोबर आहे," ते तिकडे तोंड करूनच म्हणाले. "त्याचंच आहे."